क्रीडावृत्ताचे मोल कोणी द्यायचे?

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या गहुंजे येथील मैदानावर २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विश्वचषक स्पर्धेचे पाच सामने झाले. त्या सामन्यांच्या वृत्तांचा, समालोचनांचा आणि आकडेवारीचा असा पूर लोटला की, पिंपरीच्या कारखान्यातील कामगार पहिली पाळी संपवून घरी पोहोचेपर्यंत चेंडूचेंडूचा हिशेब त्याच्या मोबाइलवर विनामूल्य येऊन पडत असे. त्याच नोव्हेंबरात कुस्तीच्या क्षेत्रात एक विलक्षण प्रकार घडला. दोन परस्परविरोधी संघटनांनी 'महाराष्ट्र केसरी' किताबाच्या दोन निरनिराळ्या स्पर्धा भरविल्या. एक पुण्याजवळ फुलगाव येथे आणि दुसरी धाराशिव येथे. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील राक्षेवाडीचा मल्ल शिवराज राक्षे फुलगावी उपविजेता ठरला आणि धाराशिवला 'महाराष्ट्र केसरी' झाला.

निकाल दोन्ही ठिकाणचे छापून आले. परंतु एका किताबाच्या दोन गाद्या का निर्माण झाल्या, कोणत्या संघटनेला कोणाची मान्यता आहे, या भांडणात तालमीत घाम गाळणाऱ्या पोरांचे काय नुकसान होते, याची सलग, निर्भीड आणि कागदपत्रांच्या आधारे केलेली मांडणी चाकण-भोसरीच्या वाचकाला वर्षभर पुरविणारे नियतकालिक कोठे आहे? क्रिकेटच्या बातमीचा सुकाळ आणि आपल्या अंगणातील खेळाच्या बातमीचा दुष्काळ, ही विसंगती केवळ अभिरुचीची नाही. तिच्या मुळाशी पैशाचा प्रश्न आहे. बातमी मिळविण्यास खर्च येतो आणि तो कोणी तरी सोसावा लागतो, ही साधी गोष्ट क्रीडावृत्ताच्या बाबतीत आपण सोयीस्करपणे विसरत आलो आहोत.

अलीकडे अनेक सुशिक्षित तरुणांच्या मनात एक कल्पना घोळताना दिसते. जाहिरातदाराचा आश्रय नको, बड्या वृत्तसंस्थेची चाकरी नको; केवळ वाचकांच्या वर्गणीवर जगणारे, खेळाला वाहिलेले डिजिटल वा छापील नियतकालिक काढावे आणि निर्भयपणे लिहावे. कल्पना उदात्त आहे. परंतु ती व्यवहाराच्या ताजव्यात घालून पाहिल्याविना तिच्यावर कोणी आयुष्याची मिळकत लावू नये. जगातील आणि महाराष्ट्रातील आजवरचा अनुभव या बाबतीत पुरेसा बोलका आहे.

दुसऱ्याच्या खिशावर

हा अनुभव असे सांगतो की, क्रीडा-पत्रकारिता स्वतःच्या वाचकाच्या पैशावर क्वचितच जगली. ती बहुधा दुसऱ्याच्या खिशावर जगली. मराठीपुरते पाहावयाचे तर १९६२ मध्ये सुरू झालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मधून वि. वि. करमरकर यांनी क्रीडावृत्ताला मानाचे आणि नित्याचे स्थान मिळवून दिले. तोपर्यंत कोपऱ्यात पडून असलेला हा विषय त्यांनी अभ्यासाच्या पातळीवर नेला. क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो, कुस्ती यांचाही परामर्श तेवढ्याच गांभीर्याने घेतला. परंतु ते पान वाचकाने स्वतंत्रपणे विकत घेतलेले नव्हते. अग्रलेख, बाजारभाव, नोकरीच्या जाहिराती आणि राजकारण यांसाठी घेतलेल्या अंकात ते समाविष्ट होते. शिवाय त्या अंकाचा बराचसा भार जाहिरातींनी उचललेला असे. क्रीडापानाचा खर्च खऱ्या अर्थाने कोणी दिला, हे वाचकाला कधी कळलेच नाही.

स्वतंत्र क्रीडा-नियतकालिकांचाही एक बहराचा काळ येऊन गेला. १९८३ च्या विश्वविजयी संघातील फलंदाज संदीप पाटील यांच्या संपादकत्वाखाली 'एकच षटकार' निघाला आणि मराठी घराघरांत वाचला गेला. त्याचे कार्यकारी संपादक द्वारकानाथ संझगिरी हे मराठीतील सर्वांत लोकप्रिय क्रिकेट-लेखकांपैकी एक. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांच्या लेखणीचे मनःपूर्वक स्मरण केले. मात्र या लोकप्रिय लेखकाने चरितार्थासाठी मुंबई महानगरपालिकेत स्थापत्य अभियंत्याची नोकरी केली, या तपशिलाचा अर्थ फारसा कोणी लावला नाही. ज्याचे नाव पाहून वाचक अंक उचलीत, त्याला पोटासाठी दुसरीकडे नोकरी करणे शहाणपणाचे वाटावे, यातच या व्यवसायाचे अर्थशास्त्र सामावलेले आहे.

इंग्रजीतही वेगळे घडले नाही. मुंबईचे 'स्पोर्ट्सवीक' आणि मन्सूर अली खान पतौडी यांच्या संपादकत्वाखाली कोलकात्याहून निघणारे 'स्पोर्ट्सवर्ल्ड' ही दोन्ही साप्ताहिके एके काळी ग्रंथालयांत झिजेपर्यंत वाचली जात. दोन्ही बंद पडली. १९७८ मध्ये निघालेले 'स्पोर्टस्टार' तगले. त्याच्या गुणवत्तेबद्दल वाद नाही. पण त्याच्या पाठीशी 'द हिंदू'सारख्या जुन्या वृत्तसंस्थेचे छप्पर आहे, हेही विसरता येणार नाही.

युरोपात तर वृत्तपत्राला जगण्यासाठी खेळच निर्माण करावा लागला. पॅरिसच्या 'लोतो' या क्रीडा-दैनिकाचा खप रेंगाळू लागला, तेव्हा त्याचे संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ मध्ये फ्रान्सभर सायकल-शर्यत योजिली. ती 'टूर द फ्रान्स'. दैनिकाच्या खपासाठी जन्मलेली शर्यत दैनिकाहून दीर्घायुषी ठरली. इटलीतील 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त'ने १९०९ मध्ये हाच कित्ता गिरविला. तात्पर्य, नुसत्या वृत्ताच्या विक्रीवर भागत नाही, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या संपादकांनाही ठाऊक होते.

कोट्यवधींचा प्रयोग

'वाचक पैसे देईल, फक्त लेखन उत्तम हवे', या श्रद्धेची सर्वांत मोठी कसोटी अमेरिकेत दोनदा लागली. १९९० च्या जानेवारीत 'द नॅशनल' हे केवळ खेळाला वाहिलेले दैनिक तेथे सुरू झाले. फ्रँक डिफर्ड यांच्यासारखा नाणावलेला संपादक, निवडक लेखक आणि हवे तेवढे भांडवल त्याच्यापाशी होते. परंतु रात्री उशिरा संपणाऱ्या सामन्यांचे निकाल सकाळच्या अंकात देशभर वेळेवर पोहोचविणे त्याला जमले नाही. दीड वर्षाच्या आत, १९९१ च्या जूनमध्ये, सुमारे १५ कोटी डॉलरचा तोटा सोसून ते बंद पडले.

दुसरा प्रयोग 'द ॲथलेटिक'चा. २०१६ मध्ये अॅलेक्स मॅथर आणि अॅडम हान्समन या दोघांनी शिकागो या एकाच शहरापासून त्याचा प्रारंभ केला. कागद नाही, छापखाना नाही, वितरकाचे कमिशन नाही आणि आरंभी जाहिरातही नाही. फक्त वाचकाची वर्गणी. स्थानिक वृत्तपत्रांतील उत्तमोत्तम क्रीडा-वार्ताहर त्यांनी चांगल्या वेतनावर घेतले, शहरामागून शहर जोडले आणि २०१९ मध्ये ब्रिटनमध्येही पाऊल टाकले. वर्गणीदारांची संख्या १० लाखांच्या पुढे गेली. एवढे होऊनही २०२१ या वर्षात साडेसहा कोटी डॉलरच्या उत्पन्नावर सुमारे साडेपाच कोटी डॉलरचा तोटा झाला. २०२२ च्या जानेवारीत 'न्यू यॉर्क टाइम्स'ने ते ५५ कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार केला. त्यानंतर त्यावर जाहिराती आल्या, मूळ दैनिकाच्या एकत्रित वर्गणीत त्याचा समावेश झाला, काही वार्ताहरांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या आणि २०२३ मध्ये खुद्द 'टाइम्स'चा क्रीडाविभाग विसर्जित करण्यात आला. मग कोठे २०२४ च्या तिसऱ्या तिमाहीत 'द ॲथलेटिक'ला पहिला नफा दिसला. दहा लाख वर्गणीदार असलेल्या क्रीडापत्रालाही अखेरीस मोठ्या दैनिकाच्या पंखाखालीच आसरा घ्यावा लागला. ज्या दोष-परंपरेतून सुटण्यासाठी ते जन्मले, तिच्यातच ते विसावले.

गळक्या हौदाचे गणित

अमेरिकेतील कोटींचे आकडे ऐकून चिंचवडच्या तरुणाने दबकून जाण्याचे कारण नाही. पण त्याचे गणित लहान असले तरी वेगळे नाही. ते कागदावर मांडून पाहावे. समजा, संपादक, दोन वार्ताहर, छायाचित्रकार आणि हिशेब-तंत्र सांभाळणारा एक सहायक, एवढ्या माणसांचे माफक वेतन, प्रवास आणि जागा मिळून महिन्याला दीड लाख रुपये खर्च येतो. म्हणजे वर्षाला १८ लाख. वर्गणी महिन्याला ५० रुपये, म्हणजे वर्षाला ६००. खर्च भागण्यासाठी ३,००० वर्गणीदार हवेत. २०११ च्या जनगणनेनुसार पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत १७ लाख २७ हजारांवर लोक राहत होते. त्या लोकसंख्येत दर पावणेसहाशे माणसांमागे एक वर्गणीदार, हे काही अशक्य भासत नाही. येथवर येऊन बहुतेक उत्साही मंडळी थांबतात आणि कामाला लागतात.

खरे गणित येथून पुढे सुरू होते. वर्गणीदार हा हौदातल्या पाण्यासारखा आहे आणि हा हौद गळका आहे. पहिल्या वर्षीच्या वर्गणीदारांपैकी समजा साठ टक्के लोकांनी वर्गणी पुन्हा भरली, तर नुसते जागेवर राहण्यासाठी दर वर्षी १,२०० नवे वर्गणीदार, म्हणजे महिन्याला शंभर, मिळवावे लागतील. प्रत्येक नवा वर्गणीदार मिळविण्यास सवलत, पत्रके आणि फिरणाऱ्या माणसाचा भत्ता धरून २०० रुपये लागले, तर २ लाख ४० हजारांचा नवा खर्च उभा राहतो. तो भागविण्यासाठी आणखी ४०० वर्गणीदार हवेत आणि त्या चारशेंनाही तीच गळती. छापील वृत्तपत्रावर वस्तू व सेवा कर नाही. केवळ डिजिटल वर्गणीवर तो १८ टक्के आहे. उलाढाल वाढून हा कर लागू झाला आणि तो वाचकावर टाकता आला नाही, तर सहाशे रुपयांतील सुमारे ९२ रुपये सरकारजमा होतात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना ग्राहकाला चोवीस तास आधी मिळते. ग्राहकहिताच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. पण दरमहा वर्गणीच्या नियतकालिकाला त्याचा अर्थ असा की, 'हे हवे की नको?' हा प्रश्न वाचकासमोर महिन्याच्या महिन्याला नव्याने उभा राहतो.

यात खेळाचे स्वतःचे ऋतुमान मिसळते. क्रिकेटच्या मोसमात दारी गर्दी आणि मोसम सरला की शुकशुकाट. कुस्तीचा फड सुगीनंतर जत्रांच्या दिवसांत रंगतो. शालेय स्पर्धा पावसाळ्यानंतर वेग घेतात. वार्ताहराचे घरभाडे मात्र बारा महिने द्यावे लागते. त्यातच वाचकाला 'फुकट'ची चटक लागली आहे, किंबहुना लावण्यात आली आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एका सामन्यामागे सुमारे ११८ कोटी. एवढी रक्कम मोजूनही २०२३ चा हंगाम मोबाइलवर विनामूल्य दाखविण्यात आला. ज्या प्रेक्षकाला ११८ कोटींचा सामना फुकट मिळतो, त्याने त्या सामन्यावरील लेखासाठी पन्नास रुपये का द्यावेत, असा प्रश्न विचारल्यास त्याला दोष देता येणार नाही.

आगाऊ वर्गणी : उत्पन्न की ऋण?

एवढ्या अडचणी असूनही अशा उपक्रमांचा घात बहुधा त्यांच्यामुळे होत नाही. घात होतो तो पहिल्या महिन्यातील भरभराटीमुळे. वार्षिक वर्गणीची मोहीम यशस्वी होते, खात्यात एकदम काही लाख रुपये जमा होतात आणि संपादकाला ते उत्पन्न वाटू लागते. वस्तुतः ते ऋण असते. वाचकाने बारा महिन्यांच्या अंकांचे पैसे आधी दिले आहेत. अंक अजून द्यावयाचे आहेत. पहिला अंक दिल्यावर त्या रकमेचा बारावा हिस्सा तेवढा कमावला जातो, उरलेले अकरा हिस्से दुसऱ्याचे असतात. परंतु नवा संगणक, मोठी जागा, आणखी एक वार्ताहर यांत तीन महिन्यांतच सारी रक्कम संपते. मग पुढच्या वाचकांच्या वर्गणीतून मागच्या वाचकांचे अंक काढण्याचा खेळ सुरू होतो. हा खेळ भिशीतील लबाडीहून फारसा वेगळा नाही, मग हेतू कितीही शुद्ध असो. एक दिवस अंक उशिरा येतो, मग जोडअंक निघतो, मग काहीच येत नाही. वाचक सहाशे रुपयांसाठी न्यायालयात जात नाही. पण पुन्हा कोणा मराठी नियतकालिकाची वर्गणी भरताना हात आखडता घेतो. एका बंद पडलेल्या पत्राची शिक्षा पुढच्या दहा पत्रांना भोगावी लागते.

म्हणूनच वर्गणीवर चालणाऱ्या उपक्रमाने पहिला नियम हिशेबाचा पाळावा. जमलेली वार्षिक वर्गणी स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि तिच्यातून दरमहा बाराव्या हिश्शाहून अधिक रक्कम काढू नये. या नियमाने चाल मंद होईल, पण पाय घसरणार नाही. वर्षाअखेरीस जमाखर्च वाचकांपुढे छापावा. क्रीडासंघटनांना हिशेब विचारणाऱ्याने स्वतःचा हिशेब लपविणे शोभत नाही.

आश्रयदात्याची छाया

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, एवढा खटाटोप कशासाठी? स्थानिक उद्योगांच्या आणि व्यापाऱ्यांच्या जाहिराती घ्याव्यात आणि अंक फुकट वाटावा. आक्षेप अगदीच निराधार नाही. कारखान्यांच्या या पट्ट्यात जाहिरातदारांची वाण नाही. परंतु स्थानिक खेळाच्या क्षेत्रात जाहिरातदार, स्पर्धेचा आयोजक आणि राजकीय पुढारी ही बहुधा तीन निराळी माणसे नसतात. चौकाचौकांत ज्याच्या नावाचा 'चषक' झळकतो, तोच फलकाचा खर्च देतो, तोच बक्षिसाची रक्कम जाहीर करतो आणि उद्या तोच महापालिकेच्या मैदानाविषयीच्या निर्णयात मत देतो. अशा आश्रयावर जगणाऱ्या पत्राने स्पर्धेचे वर्णन करावे, विजेत्यांची नावे छापावीत, एवढेच त्याच्या हाती उरते. जाहीर केलेले बक्षीस मल्लाच्या हाती किती महिन्यांनी पडले, हा प्रश्न ते विचारू शकत नाही.

आणि विचारण्यासारखे प्रश्न तर पुष्कळ आहेत. पिंपरीतील नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद मैदानावर २०२१ च्या डिसेंबरमध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय हॉकी स्पर्धा झाली. अशा मैदानाचा उपयोग वर्षातील उरलेल्या दिवसांत कोणत्या मुलांना होतो? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मे महिन्यात बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. त्या कायद्यात प्राण्यांच्या रक्षणासाठी घातलेल्या अटी खेड-मावळच्या घाटांवर कितपत पाळल्या जातात? जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड थेरगावच्या अकादमीत घडला आणि २०२४ मध्ये चेन्नई सुपर किंग्जचा कर्णधार झाला; त्याच्याबरोबर सराव करणाऱ्या आणि पुढे न पोहोचलेल्या मुलांच्या शिक्षणाचे काय झाले? हे प्रश्न कोणाची निंदा करण्यासाठी नाहीत. पण त्यांची उत्तरे शोधण्यासाठी माणसाला दिवसेंदिवस हिंडावे लागते, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावे लागतात, दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. या कामाचे वेतन आश्रयदाता देणार नाही आणि आयपीएलच्या उत्सवात रमलेली वाहिनीही देणार नाही. ते वाचकानेच द्यावे लागेल.

लहान होण्यातील शहाणपण

मग मार्ग कोणता? 'द ॲथलेटिक'च्या कथेतच त्याची खूण सापडते. ते वाढले कसे यापेक्षा ते सुरू कोठे झाले, याकडे पाहावे. एका शहरातील लोकांना त्यांच्या शहरातील संघांविषयी इतरत्र न मिळणारा मजकूर देण्यापासून त्याची सुरुवात झाली. पुढे देश-परदेशात झपाट्याने पसरण्याच्या हव्यासाने खर्च उत्पन्नाच्या किती तरी पुढे धावला. पिंपरी-चिंचवड-चाकणच्या उपक्रमाने सुरुवातीचे तेवढे घ्यावे, हव्यास सोडून द्यावा. विराट कोहलीच्या खेळीवर लिहिणारे हजार आहेत; त्या गर्दीत एक हजार एकावा लेखक उभा करण्यास वाचक पैसे देणार नाही. परंतु भोसरीच्या कबड्डी मंडळाचा, खेडच्या तालमींचा, नेहरूनगरच्या हॉकीचा, शालेय स्पर्धांतील निवडींचा साधार वृत्तांत देणारे पत्र एकच असेल, तर त्याची किंमत देणारा वाचक मिळण्याचा संभव आहे. दैनिकाचा सोस धरू नये. पाक्षिक पुरे आहे. निकाल मोबाइलवर कळतातच; त्या निकालांमागचे कारण पंधरा दिवसांनी कळले तरी ते शिळे होत नाही.

दुसरे असे की, वर्गणी एकेका माणसाकडून गोळा करण्यापेक्षा ती संघटितपणे गोळा करण्याची परंपरा या पट्ट्यात आधीपासून आहे. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून आणि पुढे टेल्को, बजाज यांच्या कारखान्यांपासून येथे जी कामगार-वस्ती वाढली, तिने पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्था उभ्या केल्या. दर महिन्याच्या पगारातून लहानशी रक्कम वळती करून मोठे काम साधण्याची सवय तिला आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचे उदाहरण तर थेट खेळाशी निगडित आहे. कामगाराच्या वेतनातून जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा अल्पशी रक्कम कापली जाते, मालक तिच्यात भर घालतो आणि त्या निधीतून मंडळ इतर कामांबरोबर कामगारांच्या कबड्डी स्पर्धाही भरविते. नियतकालिकाने सरकारी निधीची अपेक्षा मुळीच धरू नये. स्वातंत्र्याशी ते विसंगत ठरेल. पण या रचनेतील तत्त्व घेण्यास हरकत नाही. पतसंस्थेने सभासदांच्या लेखी संमतीने वर्षाची वर्गणी एकरकमी भरावी, शाळेने क्रीडाशिक्षकाच्या खोलीसाठी एक अंक घ्यावा, १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांनी तो आपल्या यादीत घालावा. अशा दोनशे संस्थांची वर्गणी वर्षानुवर्षे टिकली, तर हौदाची गळती निम्म्यावर येते आणि नवे वर्गणीदार मिळविण्याचा खर्चही त्याच प्रमाणात उतरतो.

अर्थात या मार्गातही धोका आहे. ज्या संस्थेने पन्नास अंक घेतले, तिच्या अध्यक्षाच्या चषकाविषयी परखडपणे लिहिण्याची वेळ येणारच. म्हणून कोणत्याही एका संस्थेची वर्गणी एकूण उत्पन्नाच्या वीसाव्या हिश्शाहून अधिक होऊ देऊ नये आणि ही मर्यादा पहिल्या अंकातच जाहीर करावी. वीसांतील एक आधार रागावून निघून गेला तर कात्री लावता येते. दोघांतील एक गेला तर दुकान बंद करावे लागते. स्वातंत्र्याचे रक्षण पुष्कळदा अग्रलेखातील बाण्यापेक्षा जमेच्या अशा विभागणीने अधिक होते.

या साऱ्यातून श्रीमंत होण्याची आशा कोणी बाळगू नये. दोन-तीन माणसांचा संसार सन्मानाने चालावा आणि वर्षाअखेरीस कोणाचे देणे राहू नये, एवढेच या उपक्रमाचे यश. ज्यांना याहून अधिक हवे असेल, त्यांच्यासाठी दुसरे व्यवसाय आहेत. परंतु ज्यांना एवढे पुरेसे वाटते, त्यांच्या बाबतीत वाचकाचेही काही कर्तव्य उरते. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हाच मराठी नियतकालिकांचा आजवरचा कणा राहिला आहे. आपल्या मुलीची जिल्हा संघातून नाव वगळल्याची तक्रार घेऊन जो पालक वार्ताहराच्या शोधात निघतो, त्याने त्या वार्ताहराचे वेतन कोण देतो याचाही विचार केला पाहिजे. महिन्याला पन्नास रुपये म्हणजे आठवड्याला कारखान्याच्या फाटकाबाहेरचा एक कटिंग चहा. तेवढे मोल मोजण्याची तयारी या पट्ट्यातील तीन हजार कुटुंबांत आहे की नाही, यावरच राक्षेवाडीच्या मल्लाला दोन किताबांच्या भांडणात नेमके काय सोसावे लागले, हे पुढे कोणी शोधून लिहिणार की नाही, ते ठरेल.